कशावरून मॅडम

मॅडमचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "तुम्हाला गणित येतं, कशावरून?"

बडोद्याच्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये मी गणित शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. स्टाफरूममध्ये बाकीच्यांनी हसून स्वागत केलं, कुणी चहा मागवला, कुणी माहेर कुठलं ते विचारलं. मॅडम ऑटोमोबाइल शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, बारीक कापलेले पांढरे केस, सुती साडी आणि तिच्याखाली वर्कशॉपचे काळे बूट. त्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, माझ्याकडे एम.एस्सी.ची डिग्री आहे. त्या म्हणाल्या, डिग्रीचं नाही, गणिताचं विचारलं. आणि तिथल्या तिथे त्यांनी मला एक गणित घातलं. गाडी वळण घेते तेव्हा बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. ते किती जास्त, आणि वळण मोठं असलं तर तो फरक वाढतो का?

मी कागद घेतला. उत्तर मजेशीर निघालं. वळण लहान की मोठं याचा काही संबंधच नव्हता. दोन चाकांमधलं अंतर आणि गाडी किती फिरली, एवढ्यावरच सगळं ठरत होतं. मॅडमनी कागद उलटा करून तेच गणित स्वतः सोडवलं, माझ्या उत्तराशी ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा."

पोरं पाठीमागे त्यांना 'कशावरून मॅडम' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. कुणी वर्गात "टॉर्क वाढतो" म्हटलं की त्या विचारायच्या, कशावरून. पुस्तकात आहे म्हटलं की, पुस्तक लिहिणाऱ्याने पाहिलं होतं कशावरून. शिपायाने "केम छो बेन, मजामां?" विचारलं तर त्या थांबून त्याच्या तोंडाकडे बघत, आज हा असं का विचारतोय म्हणून. एकदा प्रिन्सिपॉल म्हणाले, आज तुम्ही फार प्रसन्न दिसताय. मॅडमनी शांतपणे विचारलं, कुठली कमिटी द्यायची आहे मला? आणि खरंच कमिटीच द्यायची होती.

त्यांच्याबरोबर खंडेराव मार्केटला जायचं म्हणजे लाज बाजूला ठेवावी लागे. मटाराची शेंग सोलून, चावून, मग दुसऱ्या टोकाच्या ढिगातली सोलून चावायची. वर ठेवलेला माल खालच्या मालासारखा आहे कशावरून? भाजीवाल्या वैतागत, पण त्यांना येताना पाहून स्वतःच ढीग खालपर्यंत उकरून दाखवत. पेट्रोलचा काटा त्यांना खोटारडा वाटे. टायरची हवा मोजायचं गेज त्यांच्याकडे होतं, आणि ते गेज बरोबर आहे की नाही हे तपासायला दुसरं गेज होतं. मी विचारलं, दुसरंही चुकत असलं तर? त्या जरा विचार करून म्हणाल्या, दोघंही एकसारखं खोटं बोलतील असं सहसा होत नाही.

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्याची किंमत त्या मोजत होत्या. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घराण्यात एक तलवार होती, सरकारांनी स्वहस्ते दिलेली म्हणून दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची, सगळे चुलते-पुतणे जमायचे. तरुणपणी मॅडमनी ती एका जाणकाराकडे नेली. तलवार पणजोबांच्या मागून बऱ्याच वर्षांनी बनलेली निघाली, बहुधा कुठल्या तरी नाटक कंपनीच्या सामानातली. त्यांनी ते ऐन पूजेच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. मोठ्या काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत. मी विचारलं, सांगून काय मिळालं? "खरं कळलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाल्या, "दसऱ्याला मला आता कुणी बोलवत नाही."

त्यांच्याकडे एक गाडी होती. लाल, बुटकी, दोन दरवाज्यांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार, मागच्या चाकांवर चालणारी. एका अविवाहित मराठी प्राध्यापक बाईने असली गाडी घ्यावी याचं सगळ्या कॉलनीला कोडं होतं. कुणी म्हणे भेट मिळाली असणार, कुणी म्हणे त्यामागे काही तरी भानगड असणार. त्यांना विचारलं तर सरळ उत्तर होतं, की त्या मुलांना डिफरन्शियल शिकवतात आणि न चालवलेल्या वस्तूबद्दल बोलणं म्हणजे ऐकीव गप्पा. रस्त्यावर मात्र त्या इतक्या सावकाश जायच्या की ॲक्टिव्हावाल्या आजीबाई त्यांना हॉर्न देत.

ती गाडी खरी पळायची ती रविवारी सकाळी. बाजव्याच्या बाजूला एका बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं आवार होतं. मालकांची परवानगी काढून मॅडम मुलांना तिथे नेत, तेलाचे रिकामे डबे मांडून वळणं आखत, टँकरने पाणी मारून घेत आणि गाडी चालवून दाखवत. मीही दोन-चारदा गेले. मला तिथे जे समजलं ते असं.

वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं जे यंत्र मागच्या धुऱ्यात असतं ते डिफरन्शियल. "साधं डिफरन्शियल भाबडं असतं," मॅडम सांगायच्या. वेगात वळताना आतलं चाक हलकं होतं, त्याची पकड सुटते, आणि हे भाबडं यंत्र सगळी ताकद त्याच सैल चाकाला देऊन बसतं. ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि गाडी पुढे जात नाही. स्पोर्ट्स कारमध्ये म्हणून लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवतात. त्यात एकमेकींवर घासणाऱ्या प्लेटी असतात. एक चाक फारच सहज फिरायला लागलं की त्या ते आवरतात आणि ताकद बाहेरच्या, जमिनीला धरून असलेल्या चाकाकडे जाते. मग वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलेटर दाबला की गाडी बाहेर फेकली न जाता वळणाला धरून पुढे झेपावते. मॅडम ते करून दाखवत तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच दिसायचा. त्या वेळी त्यांना कशाचाही संशय आलेला नसायचा.

पण त्या लगेच बजावत, की या प्लेटींनी धरलंही पाहिजे आणि ठराविक जोराला सोडलंही पाहिजे. ज्या गाडीतल्या प्लेटींनी सोडायचंच नाही असं ठरवलंय त्या गाडीत बसू नका. काही पोरं लिमिटेड-स्लिपऐवजी साध्या डिफरन्शियलचे दात वेल्ड करून टाकतात, म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र. तशी गाडी घसरवायला मजा येते, व्हिडिओ छान निघतो, पण ओल्या घाटात ती वळायलाच नकार देते, नाहीतर एकदम मागून फिरते.

जगात मॅडमचा विश्वास फक्त दोन माणसांवर होता. एक जयंतीभाई. प्रतापनगरकडे त्यांचं छोटं गॅरेज होतं. मॅडमच्या वडिलांची स्कूटर जयंतीभाईंच्या वडिलांनी सांभाळलेली. मॅडम त्यांच्या डोक्यावर उभ्या राहून प्रत्येक बोल्टाबद्दल प्रश्न विचारत आणि जयंतीभाई तेवढ्याच शांतपणे उत्तर देत. त्यांना तो त्रास वाटायचा नाही. मला एकदा म्हणाले होते की बेन विचारतात म्हणजे त्या ऐकतात. बाकीची गिऱ्हाइकं नुसती किल्ली टाकून जातात.

दुसरा निनाद, त्यांच्या भावाचा मुलगा. भाऊ-वहिनी मस्कतला, म्हणून निनाद शाळेपासून आत्याकडेच वाढला. त्याला गाडीचं वेड आत्यानेच लावलं. नोकरीला लागल्यावर तो वेगळा राहू लागला आणि त्यानेही एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली, पांढरी. मॅडमनी ती आधी कसून तपासली. मागचं एक चाक जॅकवर उचलून, त्याला लांब दांडा लावून फिरवून पाहिलं. बराच जोर लावल्यावर ते अडखळत फिरलं. म्हणजे आत खरं लिमिटेड-स्लिप होतं. मग त्यांनी त्याला बाजव्याला नेऊन अख्खी थंडी शिकवलं. निनाद छान चालवायचा, शांत हाताने, ॲक्सिलेटर एकसारखा धरून.

त्याचं लग्न हेतलशी ठरलं. हेतल गुजराती, बँकेत नोकरीला, हसरी आणि स्पष्ट बोलणारी. ती मॅडमना फोई म्हणायची, म्हणजे आत्याच. लग्नाआधी दोघांनी मित्रमंडळींबरोबर सापुताऱ्याच्या घाटात त्या पांढऱ्या गाडीतून जायचं ठरवलं होतं. निघायच्या आधीच्या आठवड्यात निनाद गाडी घेऊन आत्याकडे आला. मी तिथेच होते, परीक्षेचे पेपर वाटून घ्यायला गेलेले.

मॅडमच्या घराखाली पार्किंगला गुळगुळीत फरशी आहे. निनादने गाडी अगदी हळू आत वळवली आणि मागची टायरं कुईं करून कुरकुरली. गॅलरीत उभ्या असलेल्या मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी खाली जाऊन त्याला परत वळवायला लावलं. परत तोच आवाज, दोन्ही चाकं एकाच वेगाने फरफटल्यासारखा. त्यांनी जॅक आणला, दांडा लावला, जोर केला, मग मला हात लावायला सांगितलं. आम्ही दोघी लोंबकळलो तरी चाक तसूभर हललं नाही.

"वेल्ड केलंय," मॅडम म्हणाल्या.

निनाद म्हणाला, "जयंतीभाईंकडेच होती गाडी, मागच्या पंधरवड्यात. त्यांनीच डिफरन्शियल खोललं होतं."

मॅडमनी जॅक काढला. तशाच बुटांनिशी निघाल्या आणि मी त्यांच्या मागून. गॅरेजात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मॅडम त्यांच्यासमोर म्हणाल्या, की चांगलं डिफरन्शियल काढून तुम्ही दुसरीकडे विकलंत आणि माझ्या मुलाच्या गाडीत मरण बसवलंत. जयंतीभाईंनी तोंड उघडलं, पण मॅडमनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्यांची लाल गाडी ब्रेकच्या कामासाठी तिथे होती, तिची किल्ली त्यांनी मागितली. जयंतीभाईंनी हात पुसले, किल्ली दिली आणि गेटपर्यंत येऊन गाडीला वाट करून दिली. एवढ्या वर्षांचं नातं चहा निवण्याच्या आत संपलं.

मॅडमनी आपली गाडी करजणच्या हायवेवरच्या कुठल्याशा गॅरेजात न्यायला सुरुवात केली आणि निनादला सापुताऱ्याची सहल पुढे ढकलायला लावली. कॉलनीत बातमी पसरली. जयंतीभाईंची दोन जुनी मराठी गिऱ्हाइकं तुटली, असं आमच्या शिपायाने सांगितलं.

मला मात्र काही तरी टोचत होतं. तीन-चार दिवस मी ते मनात घोळवलं आणि मग मधल्या सुट्टीत मॅडमना सांगून टाकलं, की मला निनादचं वागणं बरोबर वाटत नाही.

"कशावरून?"

मी म्हटलं, "तुम्ही वेल्ड केलंय म्हणालात तेव्हा तो दचकला नाही. आपल्या गाडीत कुणी असं केलंय कळल्यावर माणूस आधी 'काय?' म्हणतो. त्याने थेट जयंतीभाईंचं नाव घेतलं. जसं काही उत्तर तयारच होतं."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, हा पुरावा नाही, हा तुमचा ग्रह आहे. आणि त्या पोराला मी वाढवलंय. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही गेजला दुसऱ्या गेजने तपासता. त्या उठून वर्गावर गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "रविवारी सकाळी बाजव्याला या."

रविवारी तिथे निनाद होता आणि हेतलही आली होती. मॅडमनी आवार ओलं करून घेतलं होतं, डबे मांडले होते. त्या निनादला अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, वेल्ड केलेली गाडी कशी वागते ते मुलांना दाखवायचं आहे, तर आधी मी बघून घेते. गॅरेजातून आल्यापासून तू ती किती चालवलीस? निनाद म्हणाला, कुठे चालवलीय, घरी आणली आणि तुझ्याकडे, बस. मॅडम म्हणाल्या, बरं, मग तुलाही कळेल. सवयीप्रमाणे चालव, हळूच.

गाडी निघाली. पहिलंच वळण बऱ्यापैकी तंग होतं. मी डब्यांपासून लांब जाऊन उभी राहिले, कारण मॅडमनी शिकवलेलं मला पाठ होतं. वेल्ड केलेल्या गाडीत नेहमीसारखं एकसारख्या ॲक्सिलेटरने वळायला गेलं की दोन्ही चाकं सारखीच फिरतात, गाडीला सरळच जायचं असतं, आणि नाक बाहेरच्या डब्यांवर जातं. नवख्याचं असंच होणार.

निनादचं झालं नाही. त्याने वळणाच्या बऱ्याच आधी स्टीअरिंग एकदा उलट आणि मग सुलट टाकलं, ॲक्सिलेटरला एक झटका दिला, मागची बाजू मुद्दाम घसरवली आणि उलटं स्टीअरिंग धरून गाडी सफाईने डब्यांमधून काढली. दुसरं वळणही तसंच, तिसरंही. एकही डबा हलला नाही. फार सुंदर चालवली त्याने. आत्याने त्याला हे कधीच शिकवलेलं नव्हतं.

तो गाडी थांबवून हसत उतरला. मॅडम त्याच्याजवळ गेल्या.

"तुझ्या हातांना कुणी सांगितलं?"

निनादला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, व्हिडिओ बघून येतं हे सगळं. मॅडम म्हणाल्या, बघून डोक्याला येतं, हातांना येत नाही. पहिल्या वळणाला तर नाहीच. शेवटी त्यानेच सांगितलं. सुरतच्या मित्रांबरोबर तो महिनोन् महिने शनिवारी गाडी घसरवायला जात होता. जुन्या प्लेटी झिजल्या, गाडी हवी तशी घसरेना, म्हणून मित्रांनी वेल्ड केलेलं डिफरन्शियल बसवलं. जयंतीभाईंकडे गाडी गेली होती ती नुसती सर्व्हिसिंगला. आत्या ओरडेल म्हणून त्या क्षणी जे नाव तोंडात आलं ते घेतलं. तू एवढी तडक जाऊन भांडशील असं वाटलं नव्हतं, तो म्हणाला.

मॅडमनी मान खाली घातली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही दुसरीकडे बघत राहिले.

हेतल पुढे आली. तिने विचारलं, "तू मला घेऊन जाणार होतास या गाडीतून, घाटात?"

निनाद म्हणाला, मला चालवता येते ती, काही झालं नसतं.

"ते जाऊ दे. गाडी दुरुस्त होईल." ती शांतपणे म्हणाली. "फोई तिकडे जाऊन त्या माणसाला चोर म्हणाल्या, ते तुला त्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर तू माझ्याबरोबर जेवायला आलास, पिक्चर बघितलास. एकदा पण तुला वाटलं नाही?"

निनाद डबे गोळा करायला वाकला. हेतल म्हणाली, आत्ता चल त्यांच्याकडे. मग आपण लग्नाचं बोलू.

रविवार असूनही गॅरेज अर्धं उघडं होतं. जयंतीभाई एकटेच होते, एक कार्ब्युरेटर कागदावर पसरून बसलेले. निनादने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने काही गाळलं नाही. जयंतीभाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, जवा दे, छोकरो छे. गाडी उद्या आण, ते वेल्ड केलेलं काढून टाकू. मग हेतलला बसायला त्यांनी स्टूल पुसून दिलं.

मॅडम दारातच उभ्या होत्या, उन्हात. आत या म्हणून त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "जयंतीभाई, माझं चुकलं. ह्याने मला खोटं सांगितलं."

जयंतीभाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"बेन, एनुं दुःख नथी," ते म्हणाले. त्याने खोटं सांगितलं याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. "आखा गामने पूछो छो. मने ज ना पूछ्युं."

सगळ्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या मॅडमनी फक्त त्यांनाच विचारलं नव्हतं. निनाद काही तरी बोलायला गेला, तर हेतलने त्याच्या दंडाला हात लावून थांबवलं. मग मॅडम पायरी चढून आत आल्या, त्या पसरलेल्या कागदापाशी जमिनीवरच बसल्या, साडीला तेल लागेल याचा विचार न करता, आणि समोरच्या माणसाकडे बघून त्यांनी विचारलं,

"जयंतीभाई, त्या गाडीचं डिफरन्शियल तुम्ही उघडलं होतं का?"

जयंतीभाईंनी हातातली स्प्रिंग खाली ठेवली.

"ना बेन. फक्त ऑइल बदल्युं'तुं."

"बरं," मॅडम म्हणाल्या.